मुत्तू बसायला शिकला

लाईट गेल्यामुळं कूलर बंद होता आणि हॉलमध्ये सगळे गप्प बसले होते, तेवढ्यात आतल्या खोलीत बेल्टचं बक्कल वाजलं. वाजलं म्हणजे काय, नुसतं टिण्ण झालं. नंदीश आत्ताच कारखान्यातून आला होता आणि "बसा सर, कपडे बदलून आलोच" म्हणून आत गेला होता.

हॉलच्या मधोमध पुतळ्यासारखा बसलेला मुत्तू त्या आवाजासरशी फरशीला चिकटला. कान मागं, शेपूट पायात. मग त्याच्या पोटाखालून एक ओघळ निघाला आणि सरकत सरकत सोफ्यावर बसलेल्या छोट्या सिद्धीच्या पायापाशी आला.

सिद्धीनं पाय वर घेतले.

"होतं असं," शेजारी बसलेले बिरुदेव सर म्हणाले. चिंचोळी एमआयडीसीच्या पलीकडं शेतात ते कुत्री ठेवून घेऊन शिकवायचे. महिनाभर तिथं राहिलेल्या मुत्तूला आज त्यांनी स्वतः गाडीत घालून आणलं होतं. "जागा बदलली की बुजतात जरा. आता बगा वहिनी, बेल वाजली तरी भुंकणार न्हाई, पावण्यांच्या अंगावर उडी न्हाई. तुमची काळजी मिटली."

नंदीशची बायको शिवानी फडकं घेऊन, पोट सांभाळत खाली बसली. दिवस भरत आलेत, ह्याच्या उड्या आता मला झेपत नाहीत, ही तक्रार तिचीच होती. पाठवायचं तिनंच ठरवलं होतं. पुसता पुसता तिनं त्याच्या पाठीवरून फिरवायला हात उचलला, तर मुत्तूनं डोळे घट्ट मिटून घेतले. जे येणार आहे ते एकदाचं येऊन जाऊ दे, असे. तिनं हात तरीही ठेवला. केसांखाली बोटाला खपली लागली, लांबट. तिच्या खाली आणखी एक.

"सर, हे काय आहे?"

बिरुदेव सरांनी कप बशीत ठेवला. "खोटं सांगत न्हाई वहिनी, लई हट्टी निघालं तुमचं. बाकीची दोन-चार दिवसांत सिट शिकतात. ह्यो नुस्ता तोंडाकडं बगायचा. मी सिट म्हणतोय, ह्यो शेपूट हलवतोय. बस म्हटलं, तरी तेच. ऐकायचंच न्हाई म्हटल्यावर मग जरा धाक दाखवावा लागला."

खिडकीपाशी शेंगा फोडत बसलेल्या काशम्मांनी सूप बाजूला सारलं. शिवानीच्या या सासूबाई कामापुरतं मराठी बोलायच्या. जीव लावायचा असला की कन्नड.

"मुत्तू," त्या अगदी हळू म्हणाल्या. "कूत्को, मरी."

मुत्तू थरथरतच उठला आणि बसला. आधी बसायचा तसाच, मान जराशी तिरकी करून.

"कै कोडु."

त्यानं पुढचा पंजा उचलला आणि काशम्मांच्या तळहातावर ठेवला. पंजा अजून ओला होता.

बिरुदेव सर सोफ्याच्या कडेला सरकले. "ही कुठली भाषा म्हणायची?"

"कन्नड," सिद्धी म्हणाली. "पिल्लू होता ना, तेव्हाच अज्जीनं शिकवलंय त्याला. 'बा' म्हटलं की जवळ येतो. 'मलको' म्हटलं की झोपतो पण."

"म्हणजे ह्याला बसायला येत होतं?" सर सिद्धीला नाही, शिवानीला विचारत होते. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "मग सांगायचं न्हाई का वहिनी? तुमी सोडायला आला तवा इचारलं होतं की मी. घरात काय बोलता म्हणून इचारलं होतं."

विचारलं होतं. आणि शिवानी म्हणाली होती, "मराठीच."

खोटं बोलावं असं काही तिच्या मनात नव्हतं. सिद्धीला शाळेत घालताना, मुलाखतीला निघण्याआधी नंदीशनं बजावलं होतं, घरी कन्नड बोलतो म्हणायचं नाही, पोरगी मागं पडेल म्हणतात. तेव्हापासून कुणीही विचारलं की हेच उत्तर तिच्या तोंडून निघून जायचं. दवाखान्यात, सोसायटीत, आणि त्या दिवशी शेताच्या फाटकापाशी. तेव्हा मुत्तू तिच्या पायाशी बसलेला होता. तिनंच बसवलं होतं त्याला. 'कूत्को' म्हणाली होती, सरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"मला काय ठावं," सर म्हणत होते. "मला वाटलं मुद्दाम करतंय."

"मुद्दाम मान्सं करत्यात," काशम्मा म्हणाल्या. त्यांनी शिवानीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

लुंगी गुंडाळत नंदीश बाहेर आला. "काय झालं? एवढं गप्प का सगळे?"

शिवानीच्या हातातलं फडकं ठिबकत होतं आणि तिला उठता येत नव्हतं.

सिद्धी सोफ्यावरून उतरली. ओल्या फरशीवरच मांडी घालून बसली आणि मुत्तूचा कान दोन बोटांत धरून चोळायला लागली. तो तिला चोळू देत होता, पण डोळे दाराकडं. मग तिनं मान वर केली.

"मम्मी, मग तिथं महिनाभर मुत्तूशी कोण बोलत होतं?"