सासूबाईंची घाई

सोनोग्राफीच्या पडद्याकडे सुनेपेक्षा सासूबाईच जास्त डोळे लावून बसल्या होत्या. नातवंडासाठी उतावळ्या सासवा डॉक्टरांनी ढिगाने पाहिल्या होत्या.

"स्त्रीबीजांचा साठा वयाच्या मानाने कमी आहे," डॉक्टर सुनेला म्हणाल्या. "पण सात बीजकोश दिसताहेत. आत्ताच बीजं गोठवली, तर पुढे मूल होण्याची आशा राहील."

"सात! ऐकलंस का गं?" सासूबाईंनी टाळीच वाजवली.

"आई, हळू! बाहेर लोक बसलेत."

"बसू देत. डॉक्टर, उद्यापासून सुरू करू या?"

डॉक्टरांना हसू आलं. "करू की. येताना हिच्या नवऱ्यालाही आणा, म्हणजे थेट भ्रूणच गोठवू."

"माझा मुलगा गेल्या वर्षी गेला, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "हिला आवडेल असा माणूस अजून भेटायचाय. तो सवडीने भेटू दे, म्हणून तर ही धावपळ."