स्वप्नावरचा हक्क

"तुम्ही चोर आहात, साहेब. चोराला मासिकाची पानं देणारा तोही चोरच."

बाई हे इतक्या सपाट आवाजात म्हणाली, की संपादकांना रागवायलाही उशीर झाला. ती टपाल कचेरीतून थेट आली होती. शिक्के मारून मारून बोटं काळी पडली होती. शेजारच्या खुर्चीत लेखक पाय पसरून बसला होता.

मासिकाच्या शेवटच्या पानावर नियम छापलेला असे: चोरीची तक्रार आली, की लेखक आणि तक्रारदार समोरासमोर बसतील. नियम वाघासारखा, पण आजवर कुणाला चावला नव्हता. दोघांना चहा पाजायचा, बोळवण करायची.

"चोरलं काय, बाई?"

"माझं स्वप्न. निळ्या कोटातली मुलगी पायऱ्या उतरते, ती कथा. ती माझी मुलगी आहे. मुलाखतीला म्हणून निघाली, ती पोचलीच नाही. हा दुसरा हिवाळा. रोज स्वप्नात येते. तेवढंच उरलंय माझ्याकडे. तेही ह्यांनी छापलं."

संपादकांनी चष्मा काढून पुसला. असलं दुःख टेबलावर आलं, की ते चष्मा पुसत. दुःख उठून जाईपर्यंत पुसत.

"वाईट झालं. पण स्वप्नाला काय कुलूप लावता येतं? मनी वसे ते स्वप्नी दिसे. तुमच्या मनी, तसं ह्यांच्याही."

"चोराच्या उलट्या बोंबा," लेखक हसला. "माझी प्रत्येक कथा स्वप्नातून येते, हे शेंबडं पोरही सांगेल. सकाळी उठायचं आणि उतरवून काढायचं. भाषणं दिलीत मी त्यावर."

खरंच दिली होती. टाळ्याही घेतल्या होत्या. झोपा काढून एवढा मोठा झालेला माणूस दुसरा नव्हता.

"कुणी सांगितलं असेल तुम्हाला," बाई म्हणाली. "पेपरात वाचलं असेल."

"मी पेपर वाचत नाही."

"आमच्या गल्लीतलं कुणी ओळखीचं?"

"तुमची गल्ली कुठाय, तेही मला ठाऊक नाही. ताई, मी कुणाचं उष्टं खात नाही."

"मग ती क्लिप?"

"कुठली?"

"कोटाचं अस्तर आतून फाटलेलं. त्याला केसांची लाल क्लिप लावलेली. कथेत आहे."

लेखक खुर्चीत पुढे सरकला. आता प्रश्न कलेचा होता.

"ती तर खास माझी! वाचकांनी पत्रं पाठवली त्या क्लिपवर. अहो, आधी मला क्लिपच दिसली. डाव्या खिशाच्या मागे. एक दात मोडलेली."

"मोडका दात कथेत नाही."

"नसेल. सगळं थोडंच लिहितो माणूस? दिसला होता एवढं खरं."

"म्हणजे ऐकलेलं नाही. वाचलेलं नाही."

"किती वेळा सांगू? माझ्या ह्या डोळ्यांनी पाहिलंय."

"साहेब, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं, ऐकलं." संपादकांनी चष्मा चढवला आणि चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "मिटलं तर मग. ह्यांचं स्वप्न ह्यांचं, तुमचं तुमचं. घ्या, निवतोय."

बाईने कपाला हात लावला नाही.

"त्या सकाळी तिला उशीर झाला होता. अस्तर शिवायला वेळ नव्हता. मी माझ्या केसांतली क्लिप काढली, तीच, एक दात मोडलेली, डाव्या खिशामागे आतून लावली आणि तिला दाराबाहेर पिटाळलं. पोलिसांना नुसता निळा कोट सांगितला. फाटक्या कोटात पोरीला धाडलं, हे सांगायची लाज वाटली. शेजारीपाजारी, सख्खी बहीण, कुणाला बोलले नाही."

"पण तुमचं ते स्वप्न..." संपादक म्हणाले.

"मला स्वप्नं पडत नाहीत, साहेब. ती गेल्यापासून झोपच नाही. खोटं बोलले. तुमचा नियम वाचला होता. ह्यांना समोर बसवून, तुमच्या देखत बोलतं करायचं होतं."

ती लेखकाकडे वळली. आवाज तसाच, सपाट.

"कुठे आहे ती?"