घोडीचा कठडा

"साहेब, कठडा घोडीच्या छातीएवढा हवा. एवढ्याशा उंचीवरून ती उडी मारून जाईल," सुतार म्हणाला.

"आंधळी घोडी उडी मारत नाही," असं म्हणत दाजीसाहेबांनी बांबू स्वतःच्या कमरेला लावून पुन्हा उंची पाहिली.

पोलिसांच्या घोडदळातून निवृत्त झालेल्या दाजीसाहेबांनी परसात घोडेस्वारीचं रिंगण बांधायचं खूळ काढलं, ते मिरजेला डोळे दाखवून आल्यावर. डॉक्टर काय म्हणाले विचारलं, तर "नंबर वाढलाय," एवढंच ते बोलले होते. गोल रिंगणात वाट चुकत नाही, त्यामुळे मैना आंधळी असली तरी तिच्यावर बसून रोज फेऱ्या मारता येतील, असं त्यांचं म्हणणं. त्यात वांग्यांचा वाफा गेला म्हणून बायको, कमलिनीबाई, आधीच रुसल्या होत्या. पण कठडा रिंगण सोडून घराकडे निघाला, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"घोडी काय स्वयंपाकघरात राहायला येणार आहे?"

"तिला विचारून सांगतो."

दुपारी सुतार भाकरी खायला बसला. कमलिनीबाई खिडकीतून बघत होत्या. दाजीसाहेबांनी रिंगणाच्या दाराशी डोळे घट्ट मिटले, कठड्यावर हात ठेवला आणि पाऊल चाचपत घराकडे चालू लागले. परसदारात कठडा संपला. त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

कमलिनीबाईंनी वांगी मनातून काढून टाकली आणि सुताराला हाक मारली.

"अरे, कठडा आत ओट्याजवळच्या खुर्चीपर्यंत आण. घोडीला संध्याकाळी चहा लागतो."