यंत्राला संभाषण लागतं

सकाळी हॉस्पिटलातून देवलची बायको कुमुद गेल्याचा फोन आला आणि दुपारी गृहनिर्माण खात्याची बाई दारात उभी राहिली. ओहायोतल्या त्या गल्लीत आपापली भाषा बोलती ठेवणाऱ्यांनाच घरं मिळत.

"रोज अर्धा तास मराठी संभाषण हवं, मिस्टर देवल. एकट्याचं बोलणं यंत्र धरत नाही. आज खंड पडला तर घर सोडावं लागेल."

कालपर्यंत कुमुद हॉस्पिटलातून फोनवर त्याच्या चहातल्या साखरेवरून भांडायची, त्यातच अर्धा तास भरायचा.

इंग्रजीत वाढलेली रेवती पुढे झाली. "बाबा, मी बोलते. हसायचं नाही हं."

भिंतीवरच्या यंत्राचे आकडे सरकू लागले. तिने शब्द शोधत विचारलं, "आईला भीती वाटत होती?"

आकडे थांबले. एवढ्या बोलण्यात त्याने कुमुदला हे कधी विचारलंच नव्हतं.