अडेनियमची तहान

अडेनियमचं फुगीर खोड कालिंदीबाईंना अंगठ्याखाली मऊ, सडल्यासारखं लागलं. लेकीने सासरी जाताना सोपवलेलं झाड! त्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा मुक्ताला फोन लावला.

"रोज पाणी घातलंस ना?" मुक्ता वैतागली. "अगं आई, आफ्रिकेतल्या कोरड्या रानातलं झाड ते. तहान लागू दे त्याला, मगच फुलेल."

कालिंदीबाईंनी सडका भाग कापला, झाड सावलीत सुकवलं, मग भरड वाळूत लावलं. हात शिवशिवले की तांब्या उचलायच्या आणि तसाच खाली ठेवायच्या. फोनही.

गुलाबी फूल उमललं, त्याच दुपारी फोन वाजला.

"आई, हल्ली फोन का करत नाहीस? रागावलीस?" मुक्ताचा आवाज रडवेला होता.

"रागावेन कशाला?" फुलाकडे बघत कालिंदीबाई हसल्या. "तहान लागायची वाट बघत होते."