बुवांच्या मागे

फौजेतून परतल्यापासून बळवंतराव शितोळ्यांच्या डोळ्यांपुढे लढाई उभी राहायची आणि श्वास कोंडायचा. परवा तर त्यांनी झोपेत बायकोचा, शामलाबाईंचा, गळा आवळला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता गर्दी टाळू नका. जीव घाबरला तरी उठायचं नाही. समोर जे खरोखर आहे, तेवढंच तोंडाने बोलत राहायचं."

म्हणून दोघं गोरखी वाड्याजवळच्या देवळात कीर्तनाला बसली. बुवांनी नामाचा गजर असा लावला की सगळं देऊळ डोलू लागलं. तबला चढला आणि बळवंतरावांना दरदरून घाम फुटला.

शामलाबाईंनी त्यांचा हात धरला. "घाबरू नका, मी आहे ना. बोला, काय दिसतंय?"

"बुवा. तबलजी. पेटीवाला." ते अडखळले. "बुवांच्या मागे तो झांज वाजवतोय. चौकीवर मी ज्याचा गळा चिरला, तोच. चिरल्या गळ्याने गातोय."

"मागे कुणी नाही हो. खरं आहे तेवढंच बोला."

"तेवढंच बोलतोय, शामले."

गाता गाता बुवा थांबले आणि मागे न बघताच मायेने म्हणाले, "भाऊ, झांज जरा हळू."

त्यांच्या पांढऱ्या उपरण्यावर मागून रक्ताचे शिंतोडे उडत होते.