मूळ आवाज

"रिकामं मैदान आहे ना? मग रिकामं दाखवा!" यतिन माइकवर ओरडला, आणि बाहेर टेबलाशी बसलेल्या त्याच्या बायकोने, लीनाने, आपली ऑफिसची मीटिंग घाईघाईने म्यूट केली.

मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातल्या त्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये यतिनचा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं उघडं कपाट. टांगलेल्या कोटांमध्ये डोकं घातलं की आवाज घुमत नाही. तिथून तो दर आठवड्याला आपल्या पॉडकास्टवर अमेरिकेतल्या सॉकर लीगची बातमी देणाऱ्यांची सालटी काढायचा. कुठला चॅनेल बेसबॉलपुढे लोटांगण घालतो, कुठल्या पत्रकाराला अजून ऑफसाइड कळलेला नाही, वगैरे. अमेरिकेत कोलंबसला चार वर्षं नोकरी केली तेव्हा हे वेड लागलं आणि मेलबर्नला आल्यावरही सुटलं नाही. ऐकणारे दोनशेच्या आत. पण पुण्याच्या माणसाला मत द्यायला श्रोते लागतात असं कोण म्हणालं?

आजचा विषय फ्लोरिडातली स्पर्धा. कोविडमुळे सगळे संघ एका जागी कोंडलेले, स्टँडमध्ये चिटपाखरू नाही. आणि एका चॅनेलने प्रक्षेपणात प्रेक्षकांचा रेकॉर्ड केलेला जल्लोष घातला होता.

एपिसोड नेहमी इंग्रजीत असायचा. आजही सुरुवात इंग्रजीतच झाली. मग कधीतरी गाडी मराठीवर घसरली आणि त्याला पत्ताच नाही.

"गोल झाला, आणि बघायला कोण? कोणी नाही! भयाण आहे ना हे? मग भयाण वाटू दे की आम्हाला! आमच्या कानात काय ओतायचं ते ठरवणारे तुम्ही कोण? तिथे माणसं ओरडतायत, त्यांचा आवाज दाबता आणि वर खोट्या टाळ्या लावता? लाज नाही वाटत? शेवटी त्या माणसाच्या..."

तो थांबला. लीना दारात उभी होती.

यतिनच्या बाबांना जाऊन आज चौथा दिवस. पुण्यात हॉस्पिटलमधून थेट स्मशानात नेलं होतं. विमानं बंद होती, आणि इथे तर घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचीही बंदी. श्रीनाथने, यतिनच्या चुलत भावाने, व्हिडिओ पाठवला होता. पीपीई घातलेले चौघे, एक ट्रॉली, विद्युतदाहिनीचं दार, आणि या सगळ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत बासरी. शेवटी वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या, ॲपमधल्या. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी खाली हात जोडले होते. यतिननेही जोडले होते. त्यानंतर तो धड जेवला नव्हता आणि एकदाही रडला नव्हता.

लीनाने हात लांब करून माइक बंद केला.

"बास कर आता. श्रीनाथला फोन लाव."

"कशाला?"

"तू ज्याच्यावर ओरडतोयस ना, ते अमेरिकेत नाहीये, यतिन."

श्रीनाथने पहिल्याच रिंगला उचलला.

"श्री, त्या व्हिडिओचा मूळ आवाज आहे का रे तुझ्याकडे?"

"आहे. पण दादा, त्यात काहीच नाहीये. मला गेटच्या आत सोडलंच नाही. तिथल्या एका माणसाने माझ्या मोबाइलवर काढून दिला. नुसती भट्टीची घरघर आहे, आणि ते लोक आरडाओरडा करतायत. काकूला कसं दाखवणार? म्हणून म्युझिक टाकलं."

"बरं केलंस. आईकडे तोच असू दे. मला मूळ पाठव."

"नको ना ऐकूस, दादा."

"पाठव, श्री. पाया पडतो तुझ्या."

दोन मिनिटांत व्हिडिओ आला. यतिनने हेडफोन बाजूला ठेवले. दोघं पलंगाच्या कडेला बसली.

घरघर खरंच मोठी होती. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं. कोणीतरी खोकलं. मग मास्कमधून एक घोगरा आवाज कागद वाचू लागला. "पाटणकर. प्रल्हाद विश्राम पाटणकर. वय एकाहत्तर." आणि मोठ्याने, "घरचं कोण आहे?"

नुसती घरघर.

"पाटणकरांचं घरचं कोणी आहे का?"

लीनाने यतिनकडे पाहिलं. त्याचे ओठ नुसते हलले. व्हिडिओतला माणूस थांबला. चांगला थांबला बिचारा, मागे रांग असूनही. मग म्हणाला, "चला, घ्या."

दार खाली आलं आणि व्हिडिओ संपला.

"मी," यतिन म्हणाला. "मी आहे ना."

मग तो रडला. शेजारीपाजारी ऐकतील याची पर्वा न करता, मोठ्याने रडला. लीनाने त्याला रडू दिलं.

"उशीर झाला गं," तो म्हणाला. "तो विचारत होता आणि मला उशीर झाला."

त्याने बाहीला डोळे पुसले. व्हिडिओ पुन्हा सुरुवातीला नेला आणि फोन लीनाच्या हातात दिला. शर्टाचं वरचं बटण लावलं. पायातल्या सपाता काढून पलंगाखाली सरकवल्या आणि उभा राहिला.

"लाव आता," तो म्हणाला.